गावात एचआयव्ही प्रतिबंधाचं काम सुरू करताना: बायकांशी बोला, पण नवऱ्यापर्यंत पोहोचा

नुकत्याच आशा झालेल्या ताई, बचत गटांच्या सीआरपी (गटांचं काम पाहणाऱ्या गावातल्याच ताई), लिंक वर्कर (एचआयव्हीच्या कामासाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते) म्हणून रुजू झालेली मुलं-मुली, किंवा विदर्भात वणी, दारव्हा, चिखलदरा, आरमोरी अशा कुठल्या तालुक्यात आरोग्याच्या कामासाठी नव्यानं आलेली माणसं, यांच्यासाठी हे लिहितो आहे. शहरातल्या प्रशिक्षणात जे शिकवतात त्यातलं बरंच खरं असतं. पण ते जसंच्या तसं गावात मांडलं की पहिल्याच बैठकीत बाया पदर तोंडाला लावून उठून जातात.

एक गोष्ट आधी पक्की करा. आपल्या खेड्यांत एचआयव्हीची लागण झालेली विवाहित बाई भेटते, तेव्हा बहुतेक वेळा ती नवऱ्याशिवाय कुणाजवळ गेलेली नसते. तिला ‘काळजी घ्या, निरोध वापरा’ एवढंच सांगून निघून यायचं, म्हणजे जे तिच्या हातात नाही त्याची जबाबदारी तिच्या डोक्यावर ठेवून यायचं. म्हणून काम दोघांपर्यंत न्यायचं आहे. बाईपासून सुरुवात होते, कारण ती भेटते. नवरा भेटत नाही, त्याला गाठावं लागतं.

बोलण्याआधी वाटा माहीत करून घ्या

तोंड उघडण्याआधी तालुक्यातली सोय स्वतः पाहून या. उपकेंद्रात एएनएम ताई, म्हणजे तिथल्या नर्सताई, बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली तपासणी करतात. त्यात काही आढळलं तर खात्रीची तपासणी आयसीटीसीत होते. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र. ते सहसा ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथं तीन वेगवेगळ्या किटनं तपासल्याशिवाय कुणाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाहीत. पहिल्या किटवर रेघ उमटली म्हणून गावात कुणाचं आयुष्य उसवू नये, यासाठी हे लक्षात ठेवायचं. औषधं एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रातून मिळतात, फुकट मिळतात.

त्या केंद्रात जा आणि स्वतःची तपासणी करून घ्या. गावात पहिला प्रश्न हाच येतो, “तुमी केली का तपासनी?” आणि “हो” म्हणता आलं पाहिजे. जाताना बारीकसारीक टिपून घ्या: समुपदेशक कोणत्या वारी असतात, बाई आहेत की बुवा, खोलीला दार लागतं का, रिपोर्ट किती वेळात हातात येतो, परतीची एसटी किती वाजता आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभराची मजुरी बुडवून बाई तालुक्याला जाते आणि ‘समुपदेशक सुट्टीवर आहेत’ ऐकून परत येते. ती पुन्हा जाणार नाही. तिच्या शेजारणीही जाणार नाहीत.

काही जणींना आपल्याच तालुक्यात तपासायचं नसतं. रुग्णालयात ओळखीचं कुणी निघालं तर? शेजारच्या तालुक्यातल्या केंद्राचा पत्ताही म्हणून जवळ ठेवा. कुठल्याही केंद्रात तपासणी करता येते. नाव न सांगता नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. हा नंबर भिंतीवर रंगवण्यापेक्षा बचत गटाच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून द्या.

गावाचं कॅलेंडर पाहा, माणसांवर शिक्का मारू नका

नवा कार्यकर्ता आला की गावातले दोन-चार शहाणे त्याला हमखास बाजूला घेतात. “ते घर पाहा, ती बाई तशी आहे.” ऐकून घ्या आणि तिथंच सोडा. एकदा तुम्ही त्या दारात दोनदा दिसलात की ‘एड्सवाले तिच्याकडे येतात’ ही बातमी पानठेल्यावर पोहोचते आणि तुमचं काम संपतं.

गावातून बाहेर कोण, कधी जातं आणि कधी परत येतं, हे त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. नागपूरवरून जाणाऱ्या हमरस्त्यांवरचे ट्रकचालक आणि क्लीनर, वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींवर आणि सिमेंटच्या कारखान्यांत राबणारे, पुण्या-मुंबईला बांधकामावर गेलेले, वीटभट्टीवर जोडप्यानं जाणारे. मेळघाटातली कोरकू कुटुंबं पावसाळी पीक निघालं की कामाला बाहेर पडतात आणि होळीला काही झालं तरी घरी येतात. इतर गावांत पोळा आणि दिवाळी हे परतीचे दिवस. स्थलांतर हा गुन्हा नाही आणि बाहेर गेलेला प्रत्येक जण वाया गेलेला नसतो, हे बैठकीत स्पष्ट बोला. बायांचे भाऊ आणि मुलगेच तिकडे असतात. पण महिनोन् महिने एकटं राहणं, हातात रोख पैसा आणि सोबतीला दारू असली की जोखीम वाढते, हेही खरं आहे.

म्हणून पुरुषांसाठीचं शिबिर ऑगस्टच्या मधल्या एखाद्या मंगळवारी ठेवू नका. ते दिवाळीच्या आठवड्यात किंवा होळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. बायांची बैठक वेचणीच्या हंगामात दिवसा होत नाही. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, रोवणीच्या दिवसांत तर कुणी उभंही राहणार नाही. बाजाराचा दिवस किंवा रात्री जेवणं आटोपल्यावरची वेळ धरा.

पहिल्या बैठकीत ‘एड्स’ हा शब्द काढू नका

पोस्टर घरी ठेवा. बचत गटाचे पैसे मोजून झाले की बायांशी त्यांच्या दुखण्यांबद्दल बोला: कंबर, थकवा, अंगावरून पांढरं जाणं, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं. पाच मिनिटांत बैठक तुमच्या हातून निसटून त्यांच्या हातात जाईल, आणि तेच हवं आहे.

याला विदर्भातलाच भक्कम आधार आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या बाया जेमतेम ८ टक्के होत्या. काळ बदलला, दवाखाने वाढले. ‘हे असंच असते बाईच्या जातीले’ म्हणून सोसण्याची सवय मात्र पुरती गेलेली नाही.

अंगावरून पांढरं जातं म्हणजे एचआयव्ही, असं अजिबात नाही. प्रत्येक वेळी तो लैंगिक आजारही नसतो. हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर अर्ध्या बाया रात्रभर झोपणार नाहीत. पण लैंगिक आजार असेल, विशेषतः जखमा किंवा फोड असतील, तर एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरणं सोपं होतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत अशा आजारांची औषधं मोफत मिळतात. आणि नवऱ्यापर्यंत जाण्याची पहिली वाट इथंच सापडते. लैंगिक आजारात एकट्या बाईनं गोळ्या खाऊन भागत नाही. नवऱ्यानं औषध घेतलं नाही तर दुखणं परत येतं. “डॉक्टरनं दोघांलेही बोलावलं आहे, नाहीतर औषधाचा गुण येनार नाई,” हे वाक्य घरात म्हणायला बाईला जड जात नाही. त्यात संशय नाही, आरोप नाही.

दोघं एकदा समुपदेशकासमोर बसले की एचआयव्हीच्या तपासणीचं बोलणं आपोआप निघतं. सक्ती कुणावर करायची नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही. ‘सगळ्यांचं रक्त घेतलं, त्यात तेही तपासलं’ हा प्रकार कुठल्याही शिबिरात चालू देऊ नका, कितीही चांगल्या हेतूनं होत असला तरी.

मग नेमकं काय सांगायचं

थोडकं सांगा आणि पुन्हा पुन्हा सांगा. एचआयव्ही चार वाटांनी येतो: निरोधाशिवायच्या शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. एका ताटात जेवल्यानं, एका विहिरीचं पाणी प्यायल्यानं, हात धरल्यानं, एका बाजेवर बसल्यानं येत नाही. डासाचा प्रश्न येणारच, गडचिरोलीकडे तर पहिल्यांदा येतो. हिवताप डासानं होतो, एचआयव्ही होत नाही. सुईबद्दल दोन शब्द जास्त बोला: गावात मोटरसायकलवर येणाऱ्या डॉक्टरकडून सुई टोचून घ्यायची असेल तर पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं. जत्रेत गोंदवून घेणाऱ्या पोरांनाही हेच सांगा.

देशात मोठ्या माणसांमधलं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. हा आकडा भीती कमी करायला वापरा, काळजी कमी करायला नको.

तपासणीबद्दलची एक अडचण बऱ्याच जणांना माहीत नसते. लागण झाल्यावर लगेच ती तपासणीत दिसत नाही. नवरा दिवाळीला आला, दुसऱ्या दिवशी तपासला, काही निघालं नाही, तरी मागच्या तीन महिन्यांत जोखीम झाली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तोपर्यंत निरोध.

आणि औषधाबद्दल ठासून बोला. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, आयुष्यभर. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसाच दबून राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. १९९० च्या दशकात ज्यांनी गावात माणसं खंगून मरताना पाहिली, त्या म्हाताऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, पण तरुण जोडप्यांना हे कळलंच पाहिजे. तपासणीला जायचं धाडस यातून येतं; रिपोर्टनंतर पुढं काहीच नसेल तर कोण जाईल?

पुरुषांना कुठं गाठायचं

ग्रामपंचायतीत सभा बोलावली तर म्हातारे येतात. तरुण पानठेल्यावर, सलूनमध्ये, जिनिंगच्या फाटकाशी, काळीपिवळीच्या स्टँडवर असतात. बायकांनी तिथं जाऊन निरोधावर बोलणं आपल्याकडे निभत नाही. ते काम गावातल्या एखाद्या पुरुषानंच करावं. तो फार शिकलेला नसला तरी चालेल, पण थट्टा पचवणारा हवा. स्वतः ट्रकवर किंवा पुण्याला काम करून आलेला मिळाला तर उत्तम. न्हावीदादा तयार झाले तर त्यांच्यासारखा माणूस नाही. गिऱ्हाईक अर्धा तास खुर्चीत बसलेलं असतं आणि दर वेळी नवं ब्लेड वापरण्याचा विषयही तिथंच निघतो.

शिबिर फक्त एचआयव्हीचं ठेवलंत तर मंडपात शिरणारा प्रत्येक जण गावाच्या नजरेत संशयित होतो. बीपी, शुगर, सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार), क्षयरोग, हिमोग्लोबिन यांच्या जोडीनं ठेवा. सिकलसेलच्या तपासणीची आपल्या भागातल्या लोकांना सवय आहे, लग्नाआधीही ती करतात. त्याच रांगेत एचआयव्हीचं टेबल असलं की पाय अडखळत नाहीत. फक्त संमती वेगळी आणि आडोशाला घ्यायची, आणि रिपोर्ट एकेकाला आत बोलावून द्यायचा. पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, प्रत्येकाला सारखीच मिनिटं आत बसवा. बाहेरची रांग घड्याळ पाहत असते.

बायको गरोदर असतानाचा काळ तर सोडूच नका. बाप होणारा माणूस त्या दिवसांत ऐकतो. पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी होताना बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होतेच. त्याच दिवशी नवऱ्यालाही सोबत आणा. “बाळासाठी दोघांचंही रक्त पाहतात,” एवढं पुरतं.

निरोधाच्या अडचणी

पहिली अडचण ऑपरेशनची. दोन लेकरं झाली की बाईची नसबंदी होते आणि निरोधाचं काम संपलं असं घरात धरून चालतात. “ऑपरेशन झालं न माह्यं, आता ते कायले?” हे ऐकल्याशिवाय तुमचा महिना जाणार नाही. पाळणा थांबवणं वेगळं आणि आजार अडवणं वेगळं, हे प्रत्येक बैठकीत सांगावं लागतं. नसबंदी, तांबी, गोळ्या, यातलं काहीही एचआयव्ही अडवत नाही.

दुसरी उन्हाची. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. ट्रकच्या डॅशबोर्डवर, मोटरसायकलच्या डिक्कीत, टिनाच्या पत्र्याखाली ठेवलेला निरोध खराब होतो आणि वापरताना फाटतो. घरात सावलीला, मडक्याच्या कोपऱ्याला ठेवा म्हणावं. पाकिटावरची तारीख पाहायला शिकवा. तिसरी खोबरेल तेलाची. तेल किंवा व्हॅसलिन लावलं की रबर लगेच कमजोर होतं. गरज असेल तर पाण्यापासून बनलेलं जेल घ्यायचं.

निरोध आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. पण मागायला लाज वाटते, म्हणून मागावंच लागणार नाही अशी सोय करा: उपकेंद्राच्या संडासाजवळ एक डबा, सलूनमध्ये एक, आणि डबा रिकामा झाला की भरायचा. कुणी किती नेले हे विचारायचं नाही. पोरं फुगे करून फुगवतील. फुगवू द्या.

घरात हा विषय कसा काढायचा? “तुमचा माझ्यावर भरोसा नाही काय” इथं बोलणं अडतं. म्हणून कारण आजाराचं किंवा संशयाचं न देता दवाखान्याचं द्या: “आंगावरून जाते, औषध चालू हाय, डॉक्टरनं तोवर वापराले सांगतलं.” ज्या घरात मारहाण होते तिथं हाही सल्ला देऊ नका. तिथं बाईचा जीव सांभाळणं आधी.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

रिपोर्ट सांगायचं काम समुपदेशकाचं आहे. तुमचं काम गप्प बसण्याचं आणि सोबत जाण्याचं. सासूला नाही, सरपंचाला नाही, तुमच्या घरीही नाही. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला कायद्यानं मनाई आहे. गावात एक नाव फुटलं की पुढची कित्येक वर्षं कुणी तपासायला येत नाही.

बायको पॉझिटिव्ह आणि नवऱ्याचं तपासायचं राहिलंय, ही सगळ्यात नाजूक अवस्था. गरोदरपणात तिचीच तपासणी आधी होते, म्हणून दोषही तिच्याच माथी येतो: “तूच घेऊन आली.” जिचा रिपोर्ट आधी आला तिनंच आजार आणला असं होत नाही, हे नवऱ्याला समुपदेशकाच्या तोंडून ऐकवा. सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनीही नवऱ्याला कळवू नये असं कायदाच म्हणतो. सांगायचं कधी आणि कुणासमोर, हे ती ठरवेल.

औषध लगेच सुरू होतं. पूर्वीसारखं रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी (सीडी-४) कमी होण्याची वाट पाहत नाहीत. पहिले काही आठवडे मळमळ, डोकेदुखी, झोप बिघडणं होऊ शकतं, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. त्या दिवसांत दारावरून सहज जात राहा. गोळीची वेळ रोजच्या कुठल्यातरी कामाला बांधा, रात्रीच्या जेवणाला किंवा टीव्हीवरच्या मालिकेला. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यानं निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी मिळू शकते. खोकला, ताप, वजन घटणं दिसलं की क्षयरोगाची तपासणी आधी.

एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी तुम्हाला भेटतील. लागण नसलेल्यानं दर सहा महिन्यांनी तपासायचं, आणि विषाणू पुरता दबल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध सोडायचा नाही. मूल हवं असेल तर ‘नको’ म्हणू नका, डॉक्टरांकडे पाठवा. आई नियमित औषधावर असली, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला जन्मल्यापासून औषध दिलं, तर लागणीची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. काहीच केलं नाही तर ती १५ ते ४५ टक्के असते. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते आणि शेवटची १८ महिन्यांनी. बाळ गुटगुटीत दिसायला लागलं की ही शेवटची तपासणी राहून जाते, म्हणून ती तारीख लसीकरणाच्या तारखांसोबत लक्षात ठेवा.

७२ तास

बलात्कार झाला असेल, किंवा लागण असलेल्या आणि औषधावर नसलेल्या जोडीदारासोबत निरोध फाटला असेल, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर लागण टळू शकते. जितकं लवकर तितकं चांगलं. पहिले काही तास सर्वांत मोलाचे. सरळ जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. बलात्कारित बाईला मोफत उपचार नाकारता येत नाहीत, रुग्णालय सरकारी असो की खासगी, आणि पोलिसांत तक्रार झालेली नसली तरी. शनिवारी संध्याकाळी घडलं तर सोमवारची वाट पाहायची नाही.

घर, पगार आणि वही

नवरा गेला की सासरची माणसं बाईला लेकरांसकट माहेरी धाडतात, असं घडतं. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क २०१७ च्या कायद्यानं स्पष्ट दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे वकील फुकट मिळतो. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. एसटीतही सवलत आहे, पण गावच्याच गाडीत ओळखीच्या कंडक्टरला कार्ड दाखवायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवू द्या. काही जण सगळं तिकीट काढून जातात आणि त्यांना त्यासाठी बोलू नये.

तुमच्या वहीत नावं लिहू नका. किती जणींशी बोललात, किती जोडपी सोबत आली, किती जणांना तपासणीला पाठवलं, निरोधाचे डबे कधी भरले, एवढंच लिहा. वही सायकलवरून पडते, घरातली पोरं उघडतात, पावसाळ्यात शेजारी वाळत घातली जाते. कुणाची पुढची तारीख टिपायचीच असेल तर केंद्रानं दिलेला क्रमांक लिहा, बाकी केंद्राच्या कपाटात असतं.